'ड्रॅक्युला' ही प्रेमकथा नव्हे



तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी आली आहे. त्यात ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची ओळख 'मरणालाही न जुमानणारी प्रेमकथा' अशी करून दिली आहे. लिहिणाऱ्याने पुस्तक वाचले की नुसते सिनेमे पाहिले? मेलेल्या बायकोचा पुनर्जन्म नायिका मीना हिच्यात शोधणारा, तिच्यासाठी शतकानुशतके झुरणारा उमराव १८९७ च्या कादंबरीत शोधूनही सापडणार नाही. तो पडद्यावर जन्मला आणि फ्रान्सिस फोर्ड कॉपोला यांच्या १९९२ च्या चित्रपटाने जगभर पोहोचला. कादंबरीतला रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला मीनाच्या खोलीत शिरतो तेव्हा तिचा नवरा हार्कर त्याच पलंगावर भूल पडल्यासारखा निपचित असतो. काउंट तिची मान आवळून तिचे तोंड स्वतःच्या छातीवरच्या जखमेवर दाबून धरतो. याला प्रेम म्हणायचे, तर जबरदस्ती कशाला म्हणायचे?

पुस्तकावर माझा राग नाही. पहिली चार प्रकरणे मी कितीदा वाचली असतील! काउंटच्या किल्ल्यात उतरलेला हार्कर दाढी करत असताना त्याच्या खांद्यामागे काउंट उभा असतो आणि आरशात मात्र रिकामी खोली दिसते. पुढे तोच काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा सरपटत उतरतो. घाटाखाली जुलैचा पाऊस लागलेला, वीज गेलेली, अशा रात्री ही पाने वाचताना आजही अंगावर काटा येतो. आणि मीना! तिला लघुलेखन येते, टंकलेखन येते, सगळ्यांच्या रोजनिश्या ती तारीखवार लावते, गाड्यांचे वेळापत्रक तिला तोंडपाठ आहे. कर्जत लोकलने नोकऱ्या केलेल्या आमच्याकडच्या बायकांना ती पहिल्या भेटीतच आपली वाटेल. अशा बाईला पुरुषमंडळी 'तुला झेपणार नाही' म्हणून काउंटविरुद्धच्या मसलतीतून बाहेर ठेवतात आणि नेमका तेव्हाच काउंट तिला गाठतो. हे वाचताना जीव तळमळतो. मीनाची मैत्रीण लूसी पिशाच्च होते, तेव्हा तिच्या छातीत खुंटा ठोकायचे काम तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडूनच करवून घेतले आहे. ते प्रकरण मला कधीच सहन झालेले नाही.

पण प्रेमकथेचा शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाने चौथे प्रकरण पुन्हा उघडावे. काउंट हार्करचे कपडे चढवून रात्री बाहेर पडतो, म्हणजे पापाचे खापर हार्करवर फुटेल. थोड्या वेळाने एक बाई केस मोकळे सोडून, धापा टाकत किल्ल्याच्या अंगणात येते. आपले मूल परत मागते. दारावर हात आपटते, छाती पिटते. वर बुरुजातून काउंटची हाक जाते, लांडग्यांचा कळप अंगणात शिरतो आणि ती बाई संपते. तिला नाव नाही. गावात तिचे कोण होते, हे पुढच्या शेकडो पानांत कोणी विचारत नाही. खिडकीतून सारे पाहणारा हार्करसुद्धा लिहितो की तिची कीव करता येत नाही, मुलाचे काय झाले ते माहीत असल्याने ती मेलेलीच बरी. माझे स्टोकरशी भांडण आहे ते इथे. लूसीसाठी चार पुरुष आपले रक्त देतात, मीनासाठी सगळे युरोप पालथा घालतात आणि या आईसाठी एक अश्रू नाही. स्टोकरने तिला निदान अर्धे पान तरी दिले. प्रेमकथावाल्यांनी तेही पुसले, कारण ती आठवली की काउंट प्रियकर म्हणून उभाच राहू शकत नाही.

मीना शेवटी काउंटबद्दल करुणा दाखवते, हे मान्य. पण करुणा म्हणजे प्रेम नव्हे. आपल्या नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' ही कादंबरी लिहिली, तीही याच कुळातली. पण धारपांनी रक्त पिणाऱ्याला नायक केले नाही.

स्टोकरशी माझे आणखी एक भांडण आहे. काउंटचा किल्ला जिथे आहे, त्या ट्रान्सिल्वेनियाला तो कधीच गेला नव्हता. पुस्तके चाळून त्याने तो मुलुख उभा केला. तिथले खेडूत म्हणजे भेदरलेले आणि जिप्सी म्हणजे काउंटचे हुकमी चाकर. हार्करने विश्वासाने दिलेली पत्रेही ते नेऊन मालकाच्या हातात ठेवतात. परक्या मुलखातल्या माणसांना असे भीतीचे रंग फासणे आता आमच्या कर्जत-खालापुरात चालले आहे आणि त्याचा मला जास्त संताप आहे. शनिवार-रविवारी शहरातून येणारे लोक रात्री कॅमेरे घेऊन पाड्यांच्या वाटेवर 'भुताटकीची ठिकाणे' शोधत फिरतात. मोबाइलवर आलेल्या अशाच एका चित्रफितीत एक कातकरी म्हातारा अंगणात जाळे विणत बसला आहे आणि मागून निवेदक त्याला 'करणी करणारा भगत' म्हणतो. म्हाताऱ्याला याचा पत्ताही नसेल. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या, उचलीच्या कर्जात अडकणाऱ्या माणसांना आणखी हा डाग कशासाठी? करणी केल्याचा आळ घेऊन माणसांना मारहाण झालेल्या या राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. असल्या चित्रफिती म्हणजे करमणूक नव्हे.

भीतीच पाहायची असेल तर खालापुरातली इर्शाळवाडी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर ठाकर आदिवासींच्या झोपलेल्या वाडीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्यातून निघालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. तिथेही आपले मूल मागत बसलेल्या आया होत्या. त्यांच्या डोंगराकडे बोट दाखवून कोणी थरारकथा रचू लागला, तर गावकऱ्यांनी त्याला वेशीवरच अडवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'ड्रॅक्युला' लोकांनी जरूर वाचावी, मूळ नाही जमली तर मराठीतून वाचावी. पुरवणीने मात्र येत्या रविवारी त्या ओळखीत दुरुस्ती छापावी आणि तीत चौथ्या प्रकरणातल्या बाईचा उल्लेख करावा.

— एक वाचक, कर्जत (जि. रायगड)