त्रिफळ्यासाठी उंदीर कशाला?

गेल्या तिमाहीत चाकणच्या एका फार्मसीचालक बंधूंनी आम्हांस विचारले, “आमच्या त्रिफळा चूर्णाची उंदरांवर विषाक्तता-चाचणी करून घ्यावी काय? माहितीपत्रकात अहवाल छापला की डॉक्टर मंडळींवर छाप पडते.” प्रश्न प्रांजळ होता, पण आम्हांस अस्वस्थ करून गेला.

आपल्या शास्त्राने प्राण्यांना कधी वेठीस धरलेच नाही, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. ते खरे नव्हे. सुश्रुताच्या कल्पस्थानात राजाच्या अन्नातील विष पशुपक्ष्यांवरून ओळखावयास सांगितले आहे. ते अन्न खाणारे कावळे व माश्या मरतात, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो. मात्र त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर करावा, सिरावेधाचा मृत पशूच्या सिरांवर व कमळाच्या देठावर करावा, असे आहे. केवळ हस्तकौशल्यासाठी प्राण्यांवर प्रयोग नकोत, हे आपल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमातही आढळते.

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्या काळी इंजेक्शनातील ज्वरकारक द्रव्ये सशाला टोचून, त्याचा ताप मोजून पारखीत. जगभर तोच दंडक होता. पेनिसिलिनने वाचलेले रुग्ण आठवता ती परीक्षा निरर्थक होती, असे आम्ही म्हणणार नाही. पुढे सशाची जागा नालखेकड्याच्या रक्तावर आधारलेल्या चाचणीने घेतली, म्हणजे भार दुसऱ्या जिवावर गेला!

पण त्रिफळ्याचे काय? ग्रंथोक्त पाठ, ग्रंथोक्त उपयोग असेल तर २०१० च्या नियम १५८-ब प्रमाणे सुरक्षितता-अभ्यास लागतच नाही. बचनाग, कुचला, पारद यांसारखी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये घालून स्वनिर्मित योग काढावयाचा असेल, तर तो लागतो, आणि तेथे अंग चोरणे म्हणजे रुग्णालाच उंदीर करणे होय. अशी चाचणी नोंदणीकृत प्रयोगशाळेत, प्राणी-नैतिकता समितीच्या मान्यतेने करावी. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करावा, म्हणजे दुसऱ्याला तेच प्राणी पुन्हा मारावे लागणार नाहीत.

२००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीत १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. त्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर प्रत्येक बॅचची जडधातू-तपासणी हवी. तिला उंदीर लागत नाही, उपकरण लागते.

त्या बंधूंना आम्ही हेच कळविले. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.