विश्लेषण : दोन बदामी शेडमधला फरक दुकानात का कळत नाही?

दिवाळीआधी रंगकाम काढलेल्या घरांत हा वाद ठरलेला. शेड कार्डवर दोन बदामी चौकोन, घरातल्यांचे दोन गट आणि दाराशी डबा आणायला निघालेला पेंटर. शेवटी कोणीतरी म्हणते, ‘दोन्ही सारखेच, कुठलाही घ्या.’ पण ते सारखे नसतात.

फरक कशात असतो?

बदामी रंग म्हणजे पांढऱ्यात पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगद्रव्याची किंचित भर. तांबडे थोडे वाढले की गुलाबी झाक येते. पिवळ्यात काळे वाढले की हिरवट. छोट्या चौकोनात ही झाक लपते. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि झाक उघड होते. कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले, तरी ती बरीचशी दिसते.

दिव्याचा काय संबंध?

खरी गंमत इथे आहे. पिवळसर बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा, तर घरोघरच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबचा ६५०० केल्व्हिनच्या आसपास. बल्बखाली दोन्ही शेड उबदार दिसतात. ट्यूबखाली त्यातलीच एक बिस्किटासारखी राहते, दुसरी सिमेंटकडे झुकते. एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्यात वेगळे दिसतात, याला ‘मेटामेरिझम’ म्हणतात. नोकरदार कुटुंब हॉलमध्ये बसते ते संध्याकाळी सातनंतर. रंग मात्र ठरतो रविवारी दुपारी, दुकानाच्या झगमगाटात! शेड रात्री, घरचीच ट्यूब लावून ठरवलेली बरी.

त्यासाठी दोन्ही शेडचे नमुन्याचे छोटे डबे आणावेत. पेंटर थेट भिंतीवर ब्रश मारून दाखवतात, पण शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. त्यापेक्षा पांढऱ्या कार्डशीटवर कडा कोऱ्या सोडून दोन हात द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत. मग तो कागद खिडकीजवळ, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि मुख्य म्हणजे फरशीला टेकवून पाहावा. गुलाबीसर टाइल्सशेजारी हिरवट बदामी मळकट वाटतो. फरशी काही बदलायची नसते.

हा खर्च फालतू वाटतो खरा. पण मशिनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही आणि चुकलेल्या भिंतीची मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.

इतके करूनही दोन्ही आवडलेच, तर कमी उजेडाच्या खोलीत फिकट शेड घ्यावी. डब्यावरचा शेड क्रमांक लिहून ठेवावा. पावसाळ्यात ओल आली की डागडुजीला तोच लागतो.