शकुनाचा डाव

लक्ष्मीपूजन आटोपते, फराळाची ताटे उचलली जातात आणि दिवाणखान्यात सतरंजीवर पत्ते पिसले जातात. वर्षातून एकदा शकुनाचे खेळावे, असे काका म्हणतात. कडेला बसलेला चौदा वर्षांचा पुतण्या चहाचे कप उचलता उचलता सारे पाहत असतो. त्याच्या खिशात फोन आहे. काकांचा डाव पहाटे मोडतो. खिशातला डाव मोडतच नाही.

यावर आमच्या छत्रपती संभाजीनगरातील शहाण्यांचे उत्तर ठरलेले : परंपरा आहे! पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतातच ना? वेरूळच्या रामेश्वर लेण्यात साक्षात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरली आहेत! खरे आहे. पण महाराज, डावासाठी शंकराने हातउसने घेतल्याचे ऐकिवात नाही. परंपराच हवी तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त वाचा. त्यातला जुगारी कर्जात बुडाला आहे, बायकोला मुकला आहे, त्याची आई झुरते आहे. आणि त्याला उपदेश मिळतो तो फासे सोडून शेती करण्याचा.

2025 साली संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड. उत्तम झाले! पण 1887 चा जुगारबंदीचा कायदा असतानाच मटका गल्लोगल्ली फोफावला, हे विसरू नका. कायदा दुकानाला कुलूप लावील. गिऱ्हाईक घडते ते घरात.

मग करावे काय? मुलाला प्रवचन नको, हिशेब शिकवा. समजा, दोन पोरांपाशी मिळून 200 रुपये आहेत आणि खेळ मांडणारा दर डावाला 2 रुपये कापून घेतो. डाव चालूच राहिला तर 100 डावांत सारे पैसे त्याच्या गल्ल्यात! मधे कोण किती वेळा जिंकला, याला काडीची किंमत नाही. ‘गेलेले परत मिळवतो’ या हट्टाने माणूस बसून राहतो, तेवढेच मांडणाऱ्याला हवे असते.

आणि पोराने उद्या कर्ज कबूल केले तर आधी हात उगारू नका. आज थप्पड खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी बापाकडे येत नाही, सावकाराकडे जातो. गुपचूप पैसे भरून प्रकरण झाकू नका. व्यवहाराची किल्ली आपल्या हाती घ्या, त्याच्यापाशी बसा, बोला. आवरेना तर 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर विचारा. त्यात लाज कसली?

यंदा एवढेच करा. गुलमंडीवर पणत्या-रांगोळी घ्याल, तेव्हा घरी मूठभर चिंचोकेही काढून ठेवा आणि सतरंजीवर पैशांऐवजी ते मांडा. रंगला डाव, तर आनंद आहे. नाही रंगला, तर काकांनी पुतण्यासमोर कबूल करावे, की आजवर आपण खेळत होतो तो खेळ नव्हताच.