रंगभूषाकार : कलावंत की कारागीर?

विक्रम गायकवाड यांचे १० मे २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा ‘बालगंधर्व’ चित्रपट दोनदोनदा पाहिलेल्या अनेकांना हे नाव प्रथमच कानी पडल्यासारखे वाटले असेल. यात प्रेक्षकांना दोष देता येत नाही. नारायणराव राजहंसांचे लावण्य सुबोध भावे यांच्या मुद्रेवर उतरले, याचे श्रेय प्रेक्षक नटाला देतो, आणि रंगभूषाकाराची तरी दुसरी कोणती अपेक्षा असते? ज्या रंगभूषेकडे रंगभूषा म्हणून लक्ष जाते ती फसली असे समजावे, हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. परंतु कलेने अदृश्य राहणे निराळे आणि कलावंताला अदृश्य ठेवणे निराळे. या दुसऱ्या बाबतीत आपला चित्रपट व्यवसाय, सरकार आणि समाज या तिघांचेही वर्तन आजवर फारसे उदार राहिलेले नाही.

गायकवाड यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. केतन मेहता यांच्या ‘सरदार’पासून ‘कट्यार काळजात घुसली’, ‘दंगल’, ‘पावनखिंड’पर्यंत त्यांच्या हाताने कितीतरी चेहरे घडविले. २०१० सालच्या चित्रपटांत ‘मनेर मानुष’साठी, पुढच्या वर्षी ‘बालगंधर्व’ व ‘द डर्टी पिक्चर’साठी आणि नंतर २०१३ साली ‘जातिश्वर’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांतील पहिला आणि शेवटचा चित्रपट बंगाली आहे. बंगालच्या फकिराचा आणि कवियालाचा चेहरा एका मराठी माणसाने घडवावा आणि त्यावर देशाने मान्यतेची मोहर उमटवावी, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे तिचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

तथापि या पुरस्काराचा इतिहास मोठा केविलवाणा आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. रंगभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार मात्र २००६ सालच्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागला आणि पहिला मान ‘ट्रॅफिक सिग्नल’साठी अनिल मोतीराम पालांडे यांना मिळाला. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ हे पुरस्कार दिले गेले, त्यांत छायालेखक, गायक, संकलक यांचाही गौरव होऊ लागला आणि ज्याच्या खुर्चीवरून उठल्यावाचून नट कॅमेऱ्यासमोर जाऊच शकत नाही, त्याची आठवण कोणाला झाली नाही. अमेरिकेतही काही फार वेगळे नव्हते. तेथे ऑस्कर पारितोषिके १९२९ पासून दिली जातात. रंगभूषेचा नियमित विभाग १९८१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिले पारितोषिक माणसाचा लांडगा करून दाखविणाऱ्या रिक बेकर यांना मिळाले. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील तो जगद्विख्यात राक्षस १९३१ साली घडविणाऱ्या जॅक पिअर्स यांना तर त्यांच्याच स्टुडिओने पुढे कामावरून दूर केले होते.

आपल्याकडे ही कला चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती अण्णा साळुंके यांनी केली, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोघेही तेच होते. रंगभूषेवाचून हे कसे साधणार? नाटकमंडळ्यांच्या रंगपटातला सफेदा, काजळ, स्पिरिट गम आणि क्रेपचे केस यांसह ही विद्या स्टुडिओत आली आणि तेथे ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. बाबा वर्दम यांच्या हाताखाली पंढरी जूकर तयार झाले आणि २०२० साली निधन होईपर्यंत ‘पंढरीदादा’ म्हणून सर्वांच्या आदरास पात्र ठरले. ही परंपरा थोर खरी, पण तिच्यात एक उणीव होती. ज्याला आत नेणारे कोणी होते तोच आत जाऊ शकत असे.

आता या कामाचे स्वरूप पार पालटले आहे. पूर्वी चेहऱ्यावर रंग चढवीत, आता चेहराच नव्याने घडवितात. प्रथम नटाच्या चेहऱ्यावर, नाकपुड्या मोकळ्या ठेवून, समुद्री शेवाळापासून तयार केलेल्या पदार्थाचा लेप देऊन ठसा घेतात. त्यातून प्लॅस्टरची प्रतिकृती निघते. तिच्यावर माती थापून सुरकुत्या, गालांच्या पिशव्या, वाकलेले नाक असे शिल्प कोरतात, त्याचा पुन्हा साचा करतात आणि त्यात सिलिकॉन किंवा फेसाळ लेटेक्स ओततात. हे लेटेक्स भट्टीत भाजावे लागते. त्वचेवर चिकटविलेला तुकडा काढताना बहुधा फाटतो, म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसासाठी नवा तुकडा लागतो. त्याच्या कडा इतक्या पातळ असाव्या लागतात की कॅमेरा अगदी जवळ आला तरी खरी कातडी कोठे संपली ते कळू नये. तेव्हा शरीररचना, शिल्पकला, रसायने आणि रंग या चारही गोष्टी ज्याला येतात त्याला ‘मेकअपवाला’ म्हणून हाक मारणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

या नव्या विद्येसाठी आपण दीर्घकाळ परदेशाकडे पाहिले. ‘पा’ चित्रपटातील अमिताभ बच्चन यांच्या रंगभूषेचा २००९ सालचा राष्ट्रीय पुरस्कार ख्रिस्तियन टिन्स्ली आणि डॉमिनी टिल यांना मिळाला. २०१६ साली ‘कपूर अँड सन्स’मधील म्हाताऱ्या ऋषी कपूर यांच्यासाठी ग्रेग कॅनम यांना पाचारण करावे लागले. तज्ज्ञ बाहेरून आणण्यात कमीपणा नाही, परंतु आपल्याकडे हात नाहीत म्हणून ते आणावे लागले असे कोणी म्हणेल तर ते पटणारे नाही. रामदास पाध्ये यांनी ‘झपाटलेला’साठी १९९३ साली घडविलेला तात्या विंचू महाराष्ट्रातील पोराबाळांच्या स्वप्नात आला, तो काही हॉलिवुडच्या साच्यातून निघाला नव्हता. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मधील ती भयंकर म्हातारी मोहम्मद समद या लहान मुलाने केली. त्या लेपाआड एक पोरगा आहे हे आधी माहीत नसेल तर ओळखता येत नाही. आणि चित्रपटाच्या बाहेर पाहायचे तर जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आहेच. त्राटिका, रावण, नरसिंह यांचे मुखवटे घडविणारे आदिवासी कारागीर अक्राळविक्राळ रूप कसे साधावे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

संगणकामुळे आता हे सारे कालबाह्य होणार, असाही एक सूर ऐकू येतो. २०२४ च्या ‘मुंज्या’मधील भूत संगणकावरच तयार झाले होते. परंतु त्या भुताचे दात किती, पाठीला पोक केवढे, डोळ्यांत खट्याळपणा अधिक की क्रौर्य, हे यंत्र आपण होऊन ठरवीत नाही. ते आधी कोणाला तरी डोळ्यांसमोर आणावे लागते, आणि ज्याने हाताने मुंडके घडविले आहे त्याला ते अधिक चांगले जमते.

खरा अडसर वेगळाच होता. मुंबईच्या चित्रपट व्यवसायातील वेशभूषा, रंगभूषा व केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेने स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सभासदत्व नाकारले होते. स्त्रीने केस बांधावेत, चेहऱ्याला हात लावू नये, अशी ही अजब वाटणी सुमारे सहा दशके चालली. ज्या व्यवसायाचा आरंभ पुरुषाला तारामती करण्यापासून झाला, त्याने स्त्रियांनाच दाराबाहेर उभे करावे, हा विनोद करुणच म्हटला पाहिजे. चारू खुराना व इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा निर्बंध घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असावे ही अटही त्याच निकालाने गेली. ही दुसरी अट जाणे काही मराठी वाचकांना रुचणार नाही. त्यांनी गायकवाडांचे बंगाली चित्रपट आठवावेत. बंगालने अशीच अट घातली असती तर त्यांचे दोन राष्ट्रीय पुरस्कार कोठून आले असते? निकालानंतर पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे २०१५ च्या चित्रपटांसाठी रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार प्रीतिशील सिंग आणि क्लोव्हर वूटन या दोन स्त्रियांना मिळाला. २०२१ साली ‘गंगुबाई काठियावाडी’साठी प्रीतिशील यांना तो पुन्हा लाभला. इतकी वर्षे आपण काय गमावीत होतो याचा अंदाज यावरून बांधता येईल.

मात्र न्यायालय दार उघडू शकते, दारापर्यंतचा रस्ता बांधू शकत नाही. भिवंडी तालुक्यातील वडपे घ्या. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव. आसपास जिकडे पाहावे तिकडे गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा. येथील एखादी मुलगी इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत उत्तम श्रेणी मिळविते, तेव्हा त्या श्रेणीचा उपयोग दहावीच्या वाढीव गुणांपुरताच मानला जातो. पुढे फार तर कलाशिक्षिका, नाही तर गोदामातील हिशेबनिशी. तिच्या बोटांत मुखवटे घडविण्याचे सामर्थ्य आहे आणि त्यावर पोट भरता येते, हे तिला सांगणार कोण? शिक्षकांनाच ते ठाऊक नसते. खाजगी संस्थांत ही विद्या मिळते, पण ती विकत घेण्याची ऐपत कारकुनाच्या घरात नसते.

हे काम सरकारचे आहे आणि त्यासाठी नवे विद्यापीठ काढण्याचे कारण नाही. गोरेगावची चित्रनगरी राज्याच्या मालकीची आहे. सर जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकविली जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौंदर्योपचाराचा अभ्यासक्रम आहे. या तिघांना एकत्र आणून दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आखावा, त्यात बोहाड्याच्या कारागिरांना शिकविण्यासाठी मानधनावर बोलवावे आणि ‘सॅम बहादूर’साठी २०२३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या श्रीकांत देसाईंसारख्यांचा सल्ला घ्यावा. एक गोष्ट मात्र आरंभीच करावी लागेल. वडप्याहून गोरेगावला जायचे तर आधी कल्याण गाठावे लागते, तेथून लोकलने दादर आणि दादरला पुन्हा गाडी बदलावी लागते. चित्रीकरण पहाटे सुरू व्हायचे असेल तर रंगभूषाकाराला त्याच्याही आधी तीन-चार तास हजर राहावे लागते. तेव्हा या अभ्यासक्रमात मुलींना प्रवेश द्यायचा असेल तर चित्रनगरीच्या आवारात त्यांच्यासाठी वसतिगृह बांधले पाहिजे, आणि त्याची तरतूद पहिल्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात व्हावयास हवी.