पाटी बोलते, मग वेबसाइट का मुकी?

पुण्याच्या पेठांमधून हिंडताना दुकानदाराआधी त्याची पाटी भेटते. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.' 'उधारीचा विषय काढू नये.' शब्द मोजकेच, पण मालक कसा आहे ते आत पाऊल टाकण्यापूर्वीच कळते. कोल्हापुरात गेलात, तर दुकानदार आधी 'या, बसा' म्हणेल, चहा मागवेल आणि मग माल दाखवील. नेहमीचा वाणी तर आपण पिशवी पुढे करण्याआधीच सांगतो, ''काकू, आज तूरडाळ नको, परवा नवी येतेय.'' अशा दुकानाला स्वभाव असतो. आपण माल घ्यायला जातो हे खरे. पण पुन्हापुन्हा तिथेच जातो ते या स्वभावापायी!

आता अशाच एखाद्या दुकानाची वेबसाइट उघडून बघा. 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत असो. गुणवत्ता हाच आमचा ध्यास. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' वरचे नाव बोटाने झाका आणि सांगा पाहू, हे दुकान मसाल्याचे की टायरचे? नाही ना सांगता येत? दुकानात इतका गप्पिष्ट असलेला माणूस वेबसाइटवर एकदम सरकारी पत्रकासारखा का बोलू लागतो?

हा काही नुसता शोभेचा प्रश्न नाही. दुकानात मालक गल्ल्यावर बसलेला असतो. पाटी पुसट असो, फळी मोडकी असो, तो एक शब्द बोलून सगळे सावरून घेतो. वेबसाइटवर तो हजर नसतो. नागपूरची सून किंवा न्यू जर्सीतली लेक रात्री अकरा वाजता चकलीची मागणी नोंदवायला बसते, तेव्हा तिच्यासमोर फक्त ते एक पान असते. माल हातात घेऊन बघता येत नाही, वास घेता येत नाही आणि पैसे मात्र आधी द्यायचे! मोठी कंपनी भाव पाडू शकते, माल दुसऱ्या दिवशी घरपोच करू शकते. घरगुती उद्योगाला यातले काहीच परवडत नाही. 'हे कोणा माणसाच्या हातचे आहे' एवढीच त्याची पुंजी. ती पानावर दिसली नाही, तर त्या लेकीने आपल्याकडून का घ्यावे?

स्वभाव म्हणजे रंगरंगोटी नव्हे

'ब्रँड पर्सनॅलिटी' हा शब्द ऐकला की पुष्कळांना लोगो आणि रंग आठवतात. आपण त्याला सरळ 'धंद्याचा स्वभाव' म्हणू या. माणसाचा स्वभाव त्याच्या सदऱ्यावरून कळत नाही, वागण्यावरून कळतो. धंद्याचेही तसेच आहे.

लिज्जत पापडाचेच उदाहरण घ्या. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! आरंभी त्या चांगला आणि हलका असे दोन प्रतींचे पापड करीत. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा यांनी सल्ला दिला की, प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका.

आता 'आम्ही कष्टाळू व सचोटीने वागणाऱ्या आहोत' हे वाक्य आणि ती खाट व स्टोव्ह शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणते लक्षात राहील? 'कष्टाळू', 'सचोटी' हे शब्द कुणीही लिहू शकतो. खाटेखालचा स्टोव्ह मात्र ज्याने वापरला त्यालाच सांगता येतो. वेबसाइटवर स्वभाव उतरवायचा म्हणजे विशेषणे खोडायची आणि त्या जागी घडलेल्या गोष्टी ठेवायच्या.

एका लहान गावाची जीन्स

परदेशातलेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात कार्डिगन नावाचे सुमारे चार हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात आठवड्याला ३५ हजार जीन्स शिवल्या जात आणि ४०० माणसांना काम होते. २००२ मध्ये तो कारखाना बंद पडला. हातात कसब होते, काम नव्हते. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, डेव्हिड आणि क्लेअर हायट या दांपत्याने तिथेच 'हायट डेनिम' ही लहानशी कंपनी उभी केली.

जाहिरातीवर उधळायला त्यांच्याजवळ मोठ्या कंपन्यांसारखा पैसा नव्हता. त्यांनी भर दिला तो वेबसाइटवर आणि तिच्यावरून सांगितलेल्या गोष्टीवर. गाव पुन्हा जीन्स शिवू लागले आहे, हाच त्या गोष्टीचा गाभा. शिवणाऱ्या कारागिरांना त्यांनी 'ग्रँड मास्टर' म्हटले आणि प्रत्येक जीन्सवर ती शिवणाऱ्याची सही ठेवली. आम्ही फक्त जीन्स करतो, बाकी काही नाही, हेही ठासून सांगितले. नवी जीन्स सहा महिने धुऊ नका, अशी गंमतही चालवली. २०१८ च्या जानेवारीत मेगन मार्कल यांनी कार्डिफच्या भेटीत ही जीन्स घातली आणि मागण्यांची रीघ लागली. हा नशिबाचा भाग झाला. पण आलेल्या माणसाला वेबसाइटवर वाचायला एक खरी गोष्ट आधीपासून तयार होती, हे नशीब नव्हे!

मग करायचे काय?

समजा, डोंबिवलीतल्या एक बाई दिवाळीचा फराळ आणि वर्षभर मेतकूट, भाजणी, मसाले करून विकतात. वेबसाइट करायची आहे, हाताशी भाचा आहे. त्यांनी सुरुवात संगणकापासून करू नये. फोनपासून करावी.

पहिली गोष्ट, दहा जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा आणि विचारा, ''तुम्ही आमच्याकडूनच का घेता?'' उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. कुणी म्हणेल, 'तुमची चकली तोंडात टोचत नाही.' कुणी म्हणेल, 'तिखट कमी हवे म्हटले की तुम्ही लक्षात ठेवता.' एखादी म्हणेल, 'तुम्ही फोनवर नाही म्हणता, पण खोटी तारीख देत नाही.' झाला तुमचा स्वभाव! तीनचार शब्दांत लिहा: चोख, लक्ष देणारी, स्पष्ट बोलणारी. पुढचे प्रत्येक वाक्य आणि प्रत्येक चित्र या शब्दांना धरून आहे की नाही, ते तपासा.

दुसरी, पहिल्या पडद्यावर स्वागताचे भाषण नको. काय मिळते, कुठे बनते, कुठवर पाठवता, किती दिवसांत पोचते, हे आधी सांगा. 'डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात बनलेली भाजणी. दर सोमवारी भाजतो, मंगळवारी दळतो, बुधवारी पाठवतो.' या दोन ओळींत माहितीही आली आणि बाईंची शिस्तही दिसली.

तिसरी, 'आमच्याविषयी' हे पान. इथे बहुतेकजण आडनाव, पदव्या आणि 'अल्पावधीत नावलौकिक' यांचा मारा करतात. त्यापेक्षा सांगा, सुरुवात का केली, पहिली मागणी कुणाची होती, कोणता पदार्थ तीनदा फसला, हाताखाली किती जणी आहेत. आणि काय करत नाही, तेही सांगा. 'आम्ही एकाच तेलात दुसऱ्या दिवशी तळत नाही' हे वाक्य दहा विशेषणांना भारी आहे. अर्थात, तसे वागत असाल तरच!

तुम्ही, आपण की तू?

चौथी गोष्ट भाषेची, आणि ही मराठी माणसालाच नीट कळेल. गिऱ्हाइकाला 'आपण' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे की 'तू'? सराफाच्या पेढीला 'आपण' शोभते. महाविद्यालयाजवळच्या कॉफीच्या दुकानाला 'तू' चालून जाईल. फराळ करणाऱ्या बाईंनी 'तुम्ही' म्हणावे. पण एकदा ठरवले की सगळीकडे तेच हवे. पहिल्या पानावर 'तुम्ही', पैसे भरायच्या पानावर 'आपण' आणि चूक झाली की 'पुन्हा प्रयत्न कर' असे झाले, तर एकाच दुकानात तीन वेगळी माणसे बसल्यासारखे वाटते.

इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेतला असेल, तर तो मोठ्याने वाचा. 'कार्टमध्ये जोडा' असे आपण कुणी बोलतो का? 'पिशवीत टाका' लिहिले तर काय बिघडेल? सोपा उपाय असा: भाच्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि बाईंनी समोर गिऱ्हाईक बसले आहे असे समजून भाजणीबद्दल बोलावे. मग ते उतरवून काढावे. लिहायला बसले की जे सुचत नाही, ते बोलताना सहज येते. नावाचा पत्तासुद्धा आपल्या लिपीत ठेवता येतो, '.भारत' हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो. जोडाक्षरे मोबाइलवर तुटत नाहीत ना, एवढे मात्र पाहून घ्या.

पाचवी, चित्रे. विकत मिळणाऱ्या गुळगुळीत चित्रातली चकली ही कुणाचीच चकली नसते. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, स्वतःच्या परातीत ठेवलेल्या चकलीचे साध्या मोबाइलवर काढलेले चित्र पुरते. त्यात लाटणारे, वळणारे हात दिसू द्या. ज्यांचे हात आहेत, त्यांची परवानगी मात्र घ्या.

खरी परीक्षा अडचणीत

माणसाचा स्वभाव अडचणीत कळतो. वेबसाइटचाही तिथेच कळतो. माल संपला, पार्सल उशिरा निघाले, डबा फुटला, अशा वेळी पडद्यावर काय उमटते? 'स्टॉक उपलब्ध नाही' हे यंत्राचे बोलणे. 'अनारसे संपले. पुढचा घाणा गुरुवारी निघेल. नंबर देऊन ठेवा, आम्ही कळवू' हे माणसाचे. ही छोटी वाक्ये कुणी मुद्दाम लिहीत नाही, म्हणूनच तिथे पंचाईत होते.

यात कायद्याचाही भाग आहे. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण नियम केले. त्यांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील वेबसाइटवर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. खाद्यपदार्थ असतील, तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही ठळक दिसू द्या. हे सारे कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडवू नका. नाव-पत्ता उघड सांगणारा दुकानदार लपत नाही, हाही स्वभावच!

आणि सोंग आणू नका. आजीकडून पाककृती आली नसेल, तर 'आजीच्या हातची चव' लिहू नका. यूट्यूबवर शिकलात, तर तसे सांगण्यात कमीपणा कसला? दोनशे डबे पडून असताना 'फक्त दोनच शिल्लक, त्वरा करा' असे लिहिणे तर सरळ नियमाविरुद्ध आहे. ग्राहकाला असे फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. खोटी घाई आणि नकळत पिशवीत जादा वस्तू टाकणे, या दोन्ही तीत आहेत.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर नोंदवा. भाच्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जरूर वापरा, पण ती भाड्याची जागा; तिथली चौकट सगळ्यांना सारखी आणि नियम मालकाचे. वेबसाइट हे आपले घर. भिंतीला कोणता रंग द्यायचा आणि दारात कोणती पाटी लावायची, ते तिथे आपण ठरवतो.

सगळे तयार झाले की एक चाचणी घ्या. तुम्हाला ओळखणाऱ्या शेजारणीला वेबसाइट दाखवा, फक्त नाव आणि चित्रे झाकून. चार ओळी वाचून ती हसली आणि ''अगं, हे तर तूच बोलतेयस!'' म्हणाली, तर खुशाल उद्यापासून दुकान उघडा. ''छान लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलंस?'' असे तिने विचारले, तर मात्र वही पुन्हा उघडा आणि दहा गिऱ्हाइकांची ती उत्तरे आणखी एकदा वाचा.