मोठा साहेब कोणाचा? कंपनीचा की जंगलाचा?



मोठमोठ्या कंपन्या आता पर्यावरणासाठी एक मोठा साहेब नेमतात. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण न् समाजाबद्दलचा अहवाल सक्तीचा केला. त्यात जबाबदार कोण, तेही लिहावं लागते. मग लोक विचारतात, ‘साहेब नेमला तर चांगलंच आहे ना बाप्पा, तुमचा विरोध काहून?’

आमचा साहेबाला विरोध नाही. आमचा एकच सवाल आहे : त्याला काम थांबवता येते काय?

आपल्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. खाण म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. खाण कोणाचीही असो, खोदलेल्या मातीचा ढीग लागतोच. ढीग नीट बांधला नाही तर पावसात ती माती नाल्यात, नाल्यातून मामा तलावात न् धानाच्या बांधीत येते. त्या दिवशी साहेब ‘आज खोदकाम बंद’ म्हणू शकत नसेल, तर तो साहेब कशाचा? तो अहवालातला फोटो!

काही जण म्हणतात, कंपनीच्या आत निदान एक माणूस तरी आपल्या बाजूनं बोलेल. बोलेलही. पण त्याचा पगार न् बढती कंपनीच्याच हाती. त्याच्या भरवशावर जंगल सोडता येत नाही.

जंगल राखणारा कायद्याने आधीच नेमलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. जंगल, वन्यजीव न् पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ‘भंडाऱ्याले पेसा लागू नाही’ असं सांगून कोणी हात झटकला तर सांगा, वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. हे काम कोण्या साहेबानं नाही, डोंगरिया कोंध बायामाणसांनी केलं.

म्हणून आमचं म्हणणं असं : कंपनीला साहेब नेमायचा तर नेमावा, पण त्याला काम थांबवायचा अधिकार लिहून द्यावा. त्यानं ग्रामसभेत यावं, खाली बसावं, मराठीत हिशेब द्यावा. हे जमत नसेल तर असा साहेब नसलेला बरा.

आपलं कामही आहे. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दरवर्षी १ जून न् १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल जाहीर असतो, अर्ज केला की कोणालाही नक्कल मिळते. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, अर्ज करा, नक्कल आणा न् मोठ्यानं वाचा. लिहिलेलं खरं की खोटं, ते नाल्यावर जाऊन पाहा.

जंगलाचा मोठा साहेब ग्रामसभाच!

जय सेवा!