ग्राफिक्स भारी म्हणजे गेम भारी? २०२४ च्या दोन गेम्सनी काय शिकवलं?

जीटीए ६ चा ट्रेलर आला की सोशल मीडियावर पहिली चर्चा कशाची होते? केस किती खरे दिसतात, पाणी कसं हलतं याची. पण दिसायला जबरदस्त असलेला गेम खेळायलाही तितकाच जबरदस्त असतो का? २०२४ मध्ये आलेले दोन गेम्स बघूया.

फेब्रुवारीत 'बलाट्रो' आला. पोकरवर आधारलेला पत्त्यांचा गेम, जुन्या व्हिडिओ गेमसारखी पिक्सेल चित्रं आणि बनवणारा मुख्यतः एकच डेव्हलपर. त्याला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये 'गेम ऑफ द इयर'चं नामांकन मिळालं. वर्षभराच्या आत त्याच्या ५० लाख प्रती विकल्या गेल्या.

ऑगस्टमध्ये सोनीचा 'कॉन्कॉर्ड' आला. मोठा स्टुडिओ, चकचकीत ग्राफिक्स, किंमत ४० डॉलर. २३ ऑगस्टला आलेला हा गेम ६ सप्टेंबरला बंद झाला आणि खेळाडूंना पैसे परत द्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये सोनीने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मग ग्राफिक्सला किंमतच नाही?

तसं नाही. गोंधळ 'ग्राफिक्स' या शब्दात आहे. त्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

१. तपशील: रिझोल्युशन, सावल्या, प्रकाश, त्वचेवरचा घाम. ट्रेलरमध्ये आपल्याला भुरळ पाडतं ते हेच. पण काही वर्षांनी नवं तंत्रज्ञान आलं की हाच भाग आधी जुना दिसू लागतो.

२. वेग: म्हणजे फ्रेम रेट. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एक चित्र तयार करायला फोनच्या हातात जेमतेम १६ मिलिसेकंद असतात. तपशील वाढवला की हे काम जड होतं आणि गेम अडखळतो. म्हणूनच बीजीएमआय मन लावून खेळणारे अनेक जण ग्राफिक्स मुद्दाम 'स्मूद'वर, म्हणजे खालच्या पातळीवर ठेवतात आणि फ्रेम रेट वर नेतात. गवत सुंदर दिसण्यापेक्षा समोरचा शत्रू वेळेत दिसणं त्यांना महत्त्वाचं वाटतं.

३. शैली: रंग, पात्रांची रचना, त्या जगाची ओळख. याला महागडं हार्डवेअर लागतंच असं नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेला 'राजी' आठवा. पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकलेतून उभं केलेलं त्याचं जग जगभर वाखाणलं गेलं. लढाई आणि अर्धवट वाटणाऱ्या शेवटाबद्दल मात्र अनेक समीक्षकांनी नाराजी व्यक्त केली. म्हणजे चांगली शैली लोकांना गेमपर्यंत आणते, पण पुढचं काम गेमप्ले आणि कथेलाच करावं लागतं.

'कॉन्कॉर्ड'चं उदाहरण इथे नीट कळतं. त्यात तपशील होता, पण पात्रांच्या रचनेवरच टीका झाली. शिवाय तशाच धाटणीचे गेम्स बाजारात फुकट उपलब्ध होते.

याचा आपल्याशी काय संबंध?

पैशांचा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, असं २०२३ मध्ये सोनीच्याच कागदपत्रांतून उघड झालं. हा सगळा खर्च ग्राफिक्सवरचा नव्हता. पण प्रत्येक गोष्ट खरी दिसायला हवी म्हटलं की माणसं आणि वर्षं दोन्ही जास्त लागतात. एवढा पैसा अडकला की कंपन्या नवी कल्पना आजमावायला कचरतात आणि एखादा गेम पडला तर गदा येते नोकऱ्यांवर.

आपल्याकडे बहुतेक जण फोनवरच गेम खेळतात. नवा फोन किंवा ग्राफिक्स कार्ड घेताना घरचं बजेट हलतं. म्हणून पुढच्या वेळी फक्त ट्रेलर बघून पैसे देऊ नका. आपल्याकडे आहे त्याच फोनवर किंवा कन्सोलवर तो गेम कसा चालतो, याचा व्हिडिओ आधी बघा. 'सायबरपंक २०७७' चे ट्रेलर अप्रतिम होते. तरी डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळला की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या स्टोअरवरून काढला. पुढे दुरुस्त्या झाल्यावर त्याच गेमचं भरभरून कौतुक झालं.

कथा तीच होती, शहरही तेच होतं. फरक इतकाच की आता तो नीट खेळता येत होता.